घरातल्या सवयींचे मोजमाप : वाचकांच्या पर्यावरणविषयक प्रश्नांना उत्तरे

पर्यावरणासाठी घरात कोणता बदल करावासा वाटतो आणि तो करताना नेमके कुठे अडते, असे आम्ही गेल्या अंकात वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांत कळकळ आहे आणि कष्ट घेण्याची तयारीही आहे. परंतु कोणत्या बदलाने किती फरक पडतो याचा अंदाज नसल्यामुळे बरीच शक्ती अगदी किरकोळ गोष्टींवर खर्च होते आणि मोठ्या गोष्टी तशाच राहून जातात, हेही त्या पत्रांतून जाणवले. म्हणून या वेळी जिथे आकडे देता येतात तिथे ते देऊनच उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलचे सर्व चार्जर काढून ठेवायचे, असा नियम आम्ही घरात केला आहे. मुले तो कसोशीने पाळतात. तरीही विजेच्या बिलात काहीच फरक पडत नाही. आणखी काय करावे?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुलांची सवय चांगली आहे, ती मोडू नका. मात्र तिच्याकडून बिल कमी होण्याची अपेक्षा ठेवू नका. मोबाइल एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण ०.०२ युनिट वीज लागते आणि नुसता लावून ठेवलेला चांगल्या बनावटीचा चार्जर वर्षभरात दोन-तीन युनिटांपेक्षा जास्त खात नाही. आता आंघोळीच्या पाण्याचा हिशेब करून पाहा. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.४ युनिट लागतात, म्हणजे एका बादलीत वीस मोबाइल चार्ज होतील एवढी वीज जाते. चार माणसांच्या घरात महिन्याला हा आकडा ५० युनिटांच्या आसपास पोहोचतो. गीझर तासन्‌तास चालू ठेवण्याची सवय असेल, तर टाकीतून बाहेर निघून जाणाऱ्या उष्णतेची भर त्यात पडते ती वेगळीच.

दुसरा मोठा खर्च पंख्यांचा असतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. पंखा रोज पंधरा तास चालत असेल, तर एका पंख्यामागे महिन्याला जवळजवळ २० युनिट वाचतात. सेटटॉप बॉक्स रात्रंदिवस चालू राहिला, तर तोही महिन्याला सात-आठ युनिट ओढतो. मुलांना नियमच लावायचा असेल, तर चार्जरऐवजी सेटटॉप बॉक्सचे बटण बंद करण्याचा लावा. एसी असेल तर तो २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. तापमान एका अंशाने वाढवले की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे, आणि २०२० पासून विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींवर सुरू करताच आपोआप लागणारे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झालेले आहे.

या युनिटांचा पर्यावरणाशी संबंध असा, की महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडी, भुसावळ अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. देशातल्या एकूण विजेची सरासरी काढली, तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे गीझरची एक शिस्त आणि दोन पंखे, एवढ्यानेच महिन्याला पंचवीस-तीस किलोंचा फरक पडू शकतो. आपल्या इमारतीची गच्ची मोकळी असेल, तर सोसायटीच्या सभेत सौर पॅनेलचा विषय जरूर काढा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांची तरतूद आहे.

प्रश्न : ओल्या कचऱ्याचे खत करावे म्हणून बाल्कनीत दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या. थोड्याच दिवसांत वास सुटला, चिलटे झाली आणि आता तर अळ्याही दिसू लागल्या आहेत. सासूबाई म्हणतात, हे सगळे उचलून घंटागाडीत टाक. काय करू?
(एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : टाकू नका, ताई. आपण हाती घेतलेले काम घरच्या घरी करता येण्याजोग्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक आहे आणि ते अजून बिघडलेले नाही. आपल्या शहरांच्या कचऱ्यात वजनाने सुमारे निम्मा भाग ओल्या कचऱ्याचा असतो. तो डेपोच्या ढिगाऱ्यात दबला गेला, की हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो आणि वीस वर्षांचा धरला, तर सुमारे ८० पट. शिवाय तो ज्वलनशील असल्यामुळे ढिगाऱ्यातली आग आतल्या आत धुमसत राहते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीने पूर्व उपनगरांतल्या मुलांचे आणि वृद्धांचे श्वास कसे कोंडले होते, हे तिथले रहिवासी अजून विसरलेले नाहीत. तोच कचरा कुंडीत हवेच्या सान्निध्यात कुजला, तर मिथेन जवळजवळ तयारच होत नाही.

आता कुंडीकडे वळू. झाकण उघडल्यावर वास कोणता येतो, ते आधी नीट ओळखा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येत असेल, तर भाजीची देठे, साली, उरलेले अन्न असे नत्रयुक्त पदार्थ जास्त झाले आहेत आणि सुका पाला कमी पडला आहे. कुजका, आंबूस वास येत असेल, तर पाणी साचले आहे आणि हवा आत जात नाही. दोन्हींवरचा उपाय बहुतांशी एकच आहे. मिश्रण एखाद्या जुन्या परातीत काढा, त्यात भरपूर सुका पाला, नारळाचा भुसा किंवा वर्तमानपत्राचे बारीक कपटे मिसळा, कुंडीच्या तळाची आणि बाजूंची भोके काडीने मोकळी करा आणि सर्व पुन्हा भरा. ओल बरोबर आहे की नाही हे हातानेच कळते. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ओल जास्त आहे आणि मूठ उघडताच मिश्रण सुटून पडले तर कमी. यापुढे रोज एक भाग ओला कचरा टाकला, की त्यावर दोन भाग सुका पाला पसरायचाच, हा नियम ठेवा. वरचा थर कायम कोरडा राहिला, की चिलटांना अंडी घालायला जागाच मिळत नाही.

अळ्यांविषयीची किळस समजण्यासारखी आहे, तरी त्यांना घाबरण्याचे कारण नाही. करड्या रंगाच्या, चपट्या आणि बोटाच्या पेराएवढ्या असतील, तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. ही माशी चावत नाही, घरातल्या अन्नावर बसत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. कोरडा थर वाढवला की त्यांची संख्या आपोआप घटते. सुरुवातीच्या काळात तेलकट अन्न, मासे, मटण आणि लिंबाच्या साली कुंडीत टाकू नका. आंब्याच्या कोया आणि करवंट्या कुजायला फार काळ घेतात, त्या वेगळ्या ठेवा. जिवाणू लवकर वाढावेत म्हणून विकतचे मिश्रण आणलेच पाहिजे असे नाही. आंबट ताक, मूठभर शेण किंवा जुन्या कुंडीतली माती पुरते. सुका पाला मात्र हिवाळ्याच्या अखेरीस पानगळ होते तेव्हाच दोन-तीन पोत्यांत भरून ठेवावा. सोसायटीचे सफाई कामगार नाहीतरी तो झाडून पेटवूनच देतात, आणि असा उघड्यावर पाला जाळणे हा नियमभंगही आहे आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांना त्रासही.

दोन-अडीच महिन्यांत मिश्रण काळे आणि भुसभुशीत होईल, आकार एक-तृतीयांशावर येईल आणि पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येऊ लागेल. तेव्हा ते चाळून घ्या आणि सासूबाईंच्या तुळशीला पहिला हात लावा. बहुतेक वेळा घरातला विरोध इथेच मावळतो.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या वस्तू न देता वाण म्हणून कापडी पिशव्या वाटायचे ठरवले आहे. दोनशे पिशव्यांची मागणी नोंदवावी, असा विचार आहे. आपले मत कळवावे.
(मंडळाच्या एक सदस्या, सांगली)

उत्तर : आपला हेतू उत्तम आहे, तरीही मागणी नोंदवण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. कापूस पिकवायला पाणी, खत आणि कीटकनाशके लागतात, पुढे विणणे, रंगवणे आणि शिवणे आलेच. त्यामुळे सुती पिशवी ही तयार होतानाच पर्यावरणावर बराच भार टाकून आलेली असते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरच्या परिणामापुरते बोलायचे, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. आठवड्यातून दोनदा बाजारात नेली, तर याला सव्वा वर्ष लागेल. यावरून प्लास्टिकची पिशवी बरी, असा अर्थ कोणी काढू नये, कारण नाल्यात तुंबणारे आणि गाईगुरांच्या पोटात जाणारे प्लास्टिक त्या हिशेबात धरलेले नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात नाले तुंबण्यात पिशव्यांचा किती वाटा होता, याची चर्चा तेव्हा राज्यभर झाली आणि त्यानंतरच पातळ पिशव्यांवरचे निर्बंध कडक झाले. या अभ्यासाचा खरा अर्थ एवढाच, की कापडी पिशवी ‘असणे’ पुरेसे नाही, ती झिजेपर्यंत वापरली गेली पाहिजे.

आणि पिशव्या आपल्या सर्वांच्या घरी आहेतच. लग्नातल्या, वास्तुशांतीच्या, साड्यांच्या दुकानांतल्या अशा आठ-दहा पिशव्या कपाटात घडी घालून पडलेल्या असतात आणि ऐन वेळी भाजीवालीसमोर उभे राहिल्यावर हातात एकही नसते. म्हणून मंडळाने नवीन पिशव्या घेण्याऐवजी सदस्यांकडच्या जादा पिशव्या गोळा कराव्यात, जुन्या साड्या आणि चादरींच्या आणखी काही शिवून घ्याव्यात आणि त्या ओळखीच्या भाजीवाल्यांकडे ठेवाव्यात. विसरलेल्या ग्राहकाने अनामत देऊन पिशवी न्यावी आणि परत आणून दिल्यावर पैसे घ्यावेत. वाणासाठी तीळ, गूळ, डाळ किंवा मेथी-पालकाचे बी द्या. ते वापरले जाईल आणि घरात अडगळ होणार नाही. आणखी एक सावधगिरी बाळगा. बाजारात ‘कापडी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या, हाताला किंचित खरखरीत लागणाऱ्या न विणलेल्या पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात.

प्रश्न : आमच्या आरओ यंत्रातून रोज दोन बादल्या पाणी वाया जाते. पाहून जीव तुटतो. काय उपाय आहे?
(एक निवृत्त शिक्षक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : गुरुजी, आधी हे यंत्र आपल्याला लागते का, ते तपासू. आरओचे मुख्य काम पाण्यात विरघळलेले क्षार काढणे हे आहे, आणि ते करताना एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी ते बाहेर टाकते. आपल्या शहराला पवना धरणाचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या आणि धरणात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. भारतीय मानकांनुसार एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी पिण्यास योग्य मानले जाते, आणि यापेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे छोटे यंत्र काही शे रुपयांना मिळते. यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्या कारागिराकडेही ते असते. आपल्या नळाचा आकडा तपासा. तो ५०० च्या बराच खाली असेल, तर जंतूंपासून संरक्षणासाठी साधी गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र किंवा उकळलेले पाणी पुरेसे आहे.

सोसायटीला बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर गोष्ट वेगळी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडयुक्त भूजलाच्या गावांत क्षार काढण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तिथल्या लोकांना कोणी पाण्याच्या अपव्ययाचा दोष देऊ नये. यंत्र ठेवावेच लागले, तर बाहेर पडणारे पाणी नळीने बादलीत घ्या आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला, गाडी धुवायला वापरा. कुंड्यांना ते सतत घालू नका; क्षार मातीत साठत जातात.

प्रश्न : माझी पेट्रोलची स्कूटर चांगल्या स्थितीत आहे. पर्यावरणासाठी ती विकून विजेवर चालणारी घ्यावी का? वीज कोळशावरच तयार होत असेल, तर त्यात काय फायदा?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कोळशाची वीज धरूनही फायदा होतो. विजेवर चालणारी स्कूटर शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट घेते, म्हणजे सुमारे दोन किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला ४५ किलोमीटर देणारी पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतरात पाच किलोंच्या आसपास सोडते, कारण एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मात्र नवे वाहन आणि त्याची बॅटरी बनवण्याचाही भार असतो. आपले रोजचे जाणे-येणे तीस-चाळीस किलोमीटरचे असेल, तर बदल करावा. कधीतरी मंडईत किंवा महाद्वार रोडला जाण्यापुरती गाडी काढत असाल, तर आहे तीच नीट राखून वापरा आणि जवळची कामे पायी किंवा सायकलने करा.

प्रश्न : आम्ही दरवर्षी पेणहून शाडूची मूर्ती आणतो. यंदा मुलाने आम्हाला न विचारता पीओपीची मूर्ती नोंदवली आहे. आता विसर्जन कसे करावे? आणि शाडूची मूर्ती कुंडीत विसर्जित करून त्यात झाड लावले तर चालेल का?
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, रसायनाच्या भाषेत कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात विरघळायला फार काळ घेते, तळाशी थर होऊन बसते आणि वरचे रासायनिक रंग पाण्यात उतरतात. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. लहान मूर्ती घरीच विसर्जित करण्याची एक चांगली रीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिली आहे आणि पुणे महापालिका त्यासाठी लागणारी पावडर नागरिकांना देत आली आहे. मोठ्या पिंपात मूर्ती बुडेल एवढे पाणी घ्यावे, त्यात साधारणपणे मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट विरघळवावे, हार-फुले, वस्त्रे काढून मूर्ती त्यात ठेवावी आणि अधूनमधून काठीने ढवळावे. काही दिवसांत मूर्ती विरघळते. वर राहते ते अमोनियम सल्फेटचे द्रावण. भरपूर पाणी मिसळून ते झाडांना खत म्हणून घालता येते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. अमोनियाचा उग्र वास येत असल्यामुळे पिंप गच्चीवर किंवा अंगणात ठेवा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

शाडू विरघळते हे खरे, परंतु ती झाडाला पोषक नाही. अतिशय बारीक कणांची ही चिकण माती कुंडीत घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. शिवाय ती आपल्याकडे बरीचशी गुजरातमधून खणून आणली जाते. म्हणून बादलीत विसर्जन करावे, पाणी निथळू द्यावे आणि वाळलेली माती मूर्तिकाराला परत द्यावी. रंग कमी असेल तर तो ती आनंदाने घेतो. पुढच्या वर्षासाठी आणखी एक पर्याय घरात जरूर बोलून पाहा. पूजेला धातूची कायमची मूर्ती ठेवायची आणि विसर्जन सुपारीच्या गणपतीचे करायचे, ही रीत अनेक घरांत पूर्वापार चालत आलेली आहे.

प्रश्न : सॅनिटरी नॅपकिन ओल्या कचऱ्यात टाकायचे की सुक्या? वसतिगृहात यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही.
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ओल्या कचऱ्यात तर अजिबात नाही, आणि संडासातही नाही. नॅपकिनचा बराचसा भाग प्लास्टिक आणि पाणी शोषणारे पॉलिमर यांचा असतो. तो कुजत नाही आणि सांडपाण्याचे पाइप तुंबवतो. घनकचरा नियमांनुसार नॅपकिन आणि डायपर नीट गुंडाळून वेगळे देणे हे घरातल्यांचे कर्तव्य आहे. आपल्या शहरात २००८ पासून महापालिकेबरोबर काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने यासाठी कागदात गुंडाळलेल्या पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची सोपी खूण रूढ केली, कारण सुका कचरा निवडताना अशी पुडकी कचरावेचक भगिनींना हातांनी उघडून पाहावी लागत होती. पुनर्वापर करता येण्याजोगा सिलिकॉनचा कप हा कचरा जवळजवळ संपवतो आणि नीट उकळून वापरला तर अनेक वर्षे टिकतो; मात्र तो वापरायचा की नाही, हे प्रत्येकीने आपल्या सोयीने ठरवावे, त्याची कोणावर सक्ती नको. तूर्त वसतिगृहाच्या प्रत्येक प्रसाधनगृहात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, एक लाल पेन आणि झाकणाचा वेगळा डबा ठेवण्याची मागणी अधीक्षकांकडे लेखी करा, आणि डब्यावर मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सूचना लावा, म्हणजे बाहेरगावाहून आलेल्या मुलींनाही विचारण्याचा संकोच वाटणार नाही.